टोपड्याचा जमाखर्च

सडक अर्जुनीत डिसेंबरची थंडी पडली, की आमच्या हाती क्रोशाची सुई येते आणि शहाण्यांच्या तोंडी एकच वाक्य : “बाजारात टोपडं स्वस्त मिळते नं भाऊ!”

मिळतं, कबूल. पण ते यंत्रावर विणलेलं. क्रोशाचे कपडे बाजारात ओतणारं यंत्र अजून निघालेलं नाही; त्यातली साखळी न् खांब माणसाच्याच हातचे. तेव्हा क्रोशाचं टोपडं मातीमोल दिसलं, तर लोकर नव्हे, कुणा बाईची मजुरी उतरली असं समजा! आम्ही शेजारच्या बाळाला फुकट देतो, तो आमचा शौक. विकणारीशी मात्र घासाघीस नको. बाळाचे कान जरूर झाकावेत, पण विणणारीचे हात रिकामे ठेवून नव्हे!