गाडीचं नाक

मंडळी, आज एक हिशोब घालते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला किती हवा लागत असेल? करा पाहू अंदाज. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे लिटरमागे जवळजवळ ११ किलो हवा. आणि ११ किलो हवा म्हणजे नऊ हजार लिटरहून जास्त! साताऱ्याहून पुण्याला जायचं तर ११० किलोमीटरला सहा-साडेसहा लिटर पेट्रोल धरा. तेवढ्या प्रवासात आपली छोटीशी गाडी साठ हजार लिटरच्या घरात हवा ओढून घेते. पेट्रोल आपण पंपावर पैशापैशाने मोजून घेतो. ही हवा मात्र फुकटची, त्यामुळे ती कुठून येते, कशी गाळली जाते, याची चौकशी कुणी करत नाही.

तुम्ही म्हणाल, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईंना हे काय सुचलं? तर त्याला कारण माझा धाकटा भाचा. तो एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याची पेट्रोल स्विफ्ट आहे, हप्ते अजून चालू आहेत. कंपनीने दिलेला हवेचा डबा काढून तिथे बाजारात मिळणारा 'परफॉर्मन्स इनटेक' बसवायचं त्याने मनात घेतलंय. किंमत एका महिन्याच्या हप्त्याहून जास्त. भाऊ म्हणतो, चालत्या गाडीला हात लावू नकोस. भाचा म्हणतो, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल. बापलेकांचं बोलणं दोन आठवडे बंद! शेवटी भाच्याचा मला फोन, "आत्या, तू बाबांना समजाव." मी म्हटलं, समजावीन, पण आधी मला समजू दे. मग आमच्या शाळेतले निवृत्त विज्ञान शिक्षक, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आणि इंटरनेट, अशा तिघांची शिकवणी लावली. त्यातून माझं जे मत झालं ते इथेच लिहिते, म्हणजे भाऊ आणि भाचा दोघेही वाचतील.

आधी कंपनीने काय दिलेलं असतं ते पाहू. बॉनेटच्या पुढच्या बाजूला, जाळीच्या मागे एक नळी असते. ती बाहेरची हवा घेऊन प्लॅस्टिकच्या बंद डब्यात नेते. डब्यात कागदाचा फिल्टर असतो. तो कधी हातात घेऊन बघा, नऊवारीच्या निऱ्या घातल्यासारखा दिसतो! निऱ्या उलगडल्या तर तो कागद केवढा तरी मोठा होतो. जागा थोडी, पण गाळायला कापड भरपूर, अशी युक्ती. बऱ्याच गाड्यांत नळीला एक पोकळ डबीही जोडलेली असते. ती वरवर निरुपयोगी दिसते, पण हवा ओढताना होणारी घरघर ती गिळते.

बाजारातल्या इनटेकचे ढोबळ तीन प्रकार. पहिला सगळ्यांत सोपा, डबा तोच ठेवून आतला कागदी फिल्टर काढायचा आणि त्याच मापाचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा सुती फिल्टर घालायचा. दुसऱ्यात डबाच काढून टाकतात आणि बॉनेटखाली आखूड नळीवर उघडा शंकूसारखा फिल्टर बसवतात. तिसऱ्यात लांब नळी टाकून तो शंकू खाली, बंपरच्या किंवा चाकाच्या मागे नेतात, थंड हवा मिळावी म्हणून. भाच्याचं मन दुसऱ्यावर बसलंय, आणि त्याचे मित्र म्हणतात तिसरा घे.

दुसऱ्या प्रकाराचं पाहू. हवा तापली की विरळ होते, हे आपण शाळेत शिकलो. बाहेरची हवा ३५ अंश आणि बॉनेटखालची ६५ अंश धरली, तर तेवढ्याच जागेत सुमारे नऊ टक्के हवा कमी मावते. शिवाय आत येणारी हवा गरम असली की इंजिन ठोके द्यायला लागतं, आणि ते टाळण्यासाठी गाडीतला संगणक ठिणगी जरा उशिरा पाडतो. म्हणजे तिथेही जोर गेला. गाडी वेगात असताना बॉनेटखाली वारा खेळतो, फरक कमी होतो. पण साताऱ्याच्या बाजारपेठेत, नाहीतर खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे रांगेत असताना? तिथे तो उघडा शंकू इंजिनचीच ऊब ओढत बसणार. जाहिरातीत जे बीएचपीचे आकडे असतात ना, ते पुष्कळदा बॉनेट उघडं ठेवून, समोर मोठा पंखा लावून मोजलेले असतात. आपण काही बॉनेट उघडं टाकून गाडी चालवत नाही!

आता अ‍ॅव्हरेज. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की ती थोडीच उघडते. रोजच्या चालवण्यात हवेला सगळ्यांत मोठा अडथळा असतो तो या झडपेचा, आणि तो आपणच आपल्या पायाने घातलेला असतो. पुढचं दार किलकिलं असताना मागचं फाटक कितीही रुंद केलं तरी आत येणारी माणसं वाढतील का? मोकळ्या फिल्टरचा काही उपयोग असलाच तर तो अ‍ॅक्सिलरेटर पार दाबून, इंजिन जोरात फिरत असताना. तसं आपण दिवसातून किती वेळा करतो? अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली उलट बाजूने तपासून पाहिलं. मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून गाड्या चालवल्या. आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांत अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही, वेग घेणं मात्र मंदावलं. तुंबलेल्या फिल्टरनेही जिथे अ‍ॅव्हरेज घटत नाही, तिथे जास्त मोकळ्या फिल्टरने ते वाढेल कसं? म्हणजे 'पैसे पेट्रोलमधून वसूल होतील' हा भाच्याचा मुद्दा निकालात निघाला.

धुळीची गोष्ट बायकांना लवकर कळेल. पीठ भराभर पडावं म्हणून मोठ्या भोकांची चाळणी घेतली तर पीठ पडतं भराभर, पण अळ्याही पडतात. फिल्टरचं तेच. हवा सहज जाऊ देणं आणि धूळ अडवणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, आणि ते इंजिनच्या आत गेले की पिस्टन आणि सिलिंडर दोन्हींना घासत राहतात. हे नुकसान आवाज करत नाही, लगेच दिसतही नाही. काही हजार किलोमीटरनंतर इंजिन तेल खायला लागतं तेव्हा कळतं. गंमत म्हणजे कोरा करकरीत फिल्टर जेवढी धूळ अडवतो, त्याहून थोडासा मळलेला जास्त अडवतो, कारण साचलेली धूळच नव्या धुळीला अडवते. म्हणून सारखा फुंकून झटकून साफ करायची हौसही बरी नाही.

सुती फिल्टरला तेल लावावं लागतं, त्या तेलाला धूळ चिकटते. प्रमाणात लावलं तर उत्तम. पण धुऊन झाल्यावर हात सैल सुटला आणि जास्त तेल लागलं, तर ते हवेबरोबर पुढे जातं. काही गाड्यांत हवा मोजायला एक बारीक तापती तार असते, तिच्यावर ते जाऊन बसतं. मग मोजमाप चुकतं आणि गाडी अडखळू लागते. 'जन्मभर टिकणारा' फिल्टर घ्यायचा तर त्याची धुणीभांडी जन्मभर करायची तयारी हवी!

आणि पाणी. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपल्यापैकी कुणी विसरलेलं नसेल. किती गाड्या त्या पाण्यात बंद पडल्या! हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन खोलण्यावाचून मग गत्यंतर नाही. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. कंपनीने नळीचं तोंड वर ठेवलंय ते उगाच नाही. तिसऱ्या प्रकारात आपण तेच तोंड हौसेने खाली, चाकाजवळ नेतो.

आता घरातलं बोलते. आमच्या वहिनीचं डायलिसिस असतं, आठवड्यातून दोनदा, साताऱ्यात. घरात गाडी एकच. गावाबाहेर ओढ्यावर फरशी आहे, आणि पावसाळ्यात तिच्यावरून पाणी वाहतं. खूप पाणी असेल तर कुठलीच गाडी घालू नये, आणि भाचा घालतही नाही, लांबच्या रस्त्याने जातो. पण वीतभर पाण्यातून, खड्ड्यांतून, समोरच्या ट्रकने उडवलेल्या लोंढ्यातून रोजच जावं लागतं. तिथे गाडीचं नाक जमिनीलगत असणं मला पसंत नाही. दोन बीएचपी कमी असले तर वहिनी दवाखान्यात पाच मिनिटं उशिरा पोचेल. गाडी ओढ्याकाठी बंद पडली तर?

कायद्याचंही थोडं सांगते. नोंदणीपत्रातल्या कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडीत अदलाबदल करू नये, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच मापाचा फिल्टर बदलणं वेगळं, आणि अख्खा डबा उपटून आवाज आणि धूर बदलेल असं काही बसवणं वेगळं. दुसऱ्यासाठी आरटीओत आधी विचारावं. अमेरिकेत सगळं चालतं असं मुलं म्हणतात. पण तिथल्याच कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीला बसवायच्या इनटेकला राज्याच्या हवा मंडळाची मंजुरी आणि तिचा क्रमांक लागतो.

एवढं सगळं फोनवर सांगितल्यावर भाचा जरा वेळ गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पण आत्या, आवाज काय भारी येतो गं!"

बघा, खरं कारण निघालं की नाही! ती घरघर गिळणारी डबी आणि बंद डबा काढला की इंजिनचा श्वास ऐकू येतो. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. यात हसण्यासारखं काही नाही. याच्या वडिलांकडे तरुणपणी येझदी होती. तिच्या सायलेन्सरमधली पुंगळी काढून हा पठ्ठ्या फटफट करत गावभर फिरायचा आणि आमचे अण्णा ओट्यावर उभे राहून कानावर हात ठेवायचे. (भाऊसाहेब, वाचताय ना?) तेव्हा कुणी म्हणत नव्हतं की अ‍ॅव्हरेजसाठी काढली! हौस होती, हौस म्हणूनच केली.

माझं म्हणणं एवढंच आहे. हौस असेल तर हौस म्हणा. माणसाला हौस असावी, आणि कमावत्या मुलाला तर असावीच. पण हौसेला बचतीचं नाव दिलं की घोटाळा होतो. बचत म्हटलं की माणूस किंमत मोजत नाही, कारण ती 'वसूल होणार' असते. हौस म्हटलं की तो सरळ विचारतो, मला हे परवडतं का? आणि माझ्या हौसेचा भार दुसऱ्या कुणावर पडतो का? हा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. गाडी भाच्याच्या नावावर आहे, पण मागच्या सीटवर त्याची आई असते.

तेव्हा माझा सल्ला असा. कंपनीचा डबा आहे तसा ठेव. फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराला, आणि ऊसतोडीच्या हंगामात रस्ते धुळीने भरलेले असतात म्हणून त्याआधीच बदल. काही शेकड्यांत काम होतं. डब्याच्या कडा नीट बसल्यात ना, नळीला चीर नाही ना, हे दर सर्व्हिसिंगला बघ. तरीही हात शिवशिवत असतील तर त्याच डब्यात बसणारा फिल्टर घे, आणि विकणाऱ्याला चार प्रश्न विचार. आयएसओ ५०११ या चाचणीत हा किती टक्के धूळ अडवतो? हवा कुठून घेणार, बाहेरून की बॉनेटमधून? नळीचं तोंड जमिनीपासून किती उंच राहणार? आणि यामुळे वॉरंटी गेली तर लेखी जबाबदारी कोण घेणार? पहिल्या प्रश्नालाच दुकानदार बीएचपी सांगू लागला, तर नमस्कार करून बाहेर पड.

भाच्याने अजून काही ठरवलेलं नाही. पैसे त्याचे, निर्णय त्याचा. बापलेक आता एकमेकांशी बोलतात, निदान याच विषयावर भांडण्यापुरते तरी!

तुमच्यापैकी कुणी असा इनटेक बसवला असेल तर दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव जरूर कळवा. पहिल्या आठवड्यातला नको, तेव्हा सगळ्यांनाच गाडी पळाल्यासारखी वाटते. असो. आज फारच लांबलं. इति लेखनसीमा.