विश्लेषण : समुद्रात ऑक्सिजन कधी आला? विदर्भातील मँगनीज खाणी काय सांगतात?

नाशिक रोड : गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते, तेव्हा चाकांचा सर्वाधिक मार क्रॉसिंगवर बसतो. ते लवकर झिजू नये म्हणून रेल्वेच्या मुख्य मार्गांवर ११ ते १४ टक्के मँगनीज असलेले ओतीव पोलाद वापरतात. नाशिक रोडवरून पूर्वेला जाणारा लोहमार्ग पुढे विदर्भात पोहोचतो आणि नागपूर, भंडारा जिल्ह्यांत याच मँगनीजच्या खाणी आहेत. पोलादासाठी खणला जाणारा तेथील काळा दगड मुळात प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे. त्या काळच्या पाण्यात ऑक्सिजन होता का, याची नोंद या गाळात आहे. मात्र ती वाचणे वाटते तितके सोपे नाही.

हे खडक नेमके कुठे आहेत?

नाशिकच्या जमिनीखालचा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा काळा कातळ नागपूरजवळ संपतो आणि तेथून पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. त्यातील ‘सौसर गट’ नावाच्या खडकांत मँगनीजचा सुमारे २०० किलोमीटरचा पट्टा आहे. नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री, गुमगाव, भंडाऱ्यातील डोंगरी बुजुर्ग, चिखला आणि मध्य प्रदेशातील बालाघाट, उकवा, तिरोडी येथील खाणी याच पट्ट्यात येतात. नागपुरात मुख्यालय असलेली ‘मॉइल’ ही सरकारी कंपनी त्या चालवते.

मँगनीजमुळे ऑक्सिजन कसा कळतो?

ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात मँगनीज विरघळलेल्या स्थितीत राहते. ऑक्सिजन भेटला की त्याचे ऑक्साइड तयार होते. ते विरघळत नाही, काळ्या कणांच्या रूपात तळाशी बसते. आजही काळ्या समुद्रात हे घडते. तेथे साधारण १०० ते १५० मीटर खोलीखाली ऑक्सिजन नाही. खालचे विरघळलेले मँगनीज वर येऊन ऑक्सिजनच्या थराला भिडते आणि तेथे त्याचे कण बनतात.

लोहखनिजावरून हे कळत नाही का?

लोहही असेच गंजून तळाशी बसते. परंतु लोहाला त्यासाठी ऑक्सिजन लागतोच असे नाही. काही जीवाणू केवळ सूर्यप्रकाशाच्या बळावर ऑक्सिजनशिवाय लोहाचे ऑक्सिडीकरण करतात. मँगनीज त्या मानाने हट्टी. त्याचे ऑक्सिडीकरण होण्यासाठी निसर्गात सहसा ऑक्सिजनच लागतो. म्हणून मँगनीजचा जाड थर ही ऑक्सिजनची अधिक पक्की खूण मानली जाते.

जगातील नोंद काय सांगते?

वातावरणात ऑक्सिजन टिकू लागला तो सुमारे २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी. त्याआधी त्याचे प्रमाण आजच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी होते. दक्षिण आफ्रिकेतील कालाहारीचे प्रचंड मँगनीज साठे याच बदलाच्या आसपासचे आहेत. गॅबनमधील साठे सुमारे २१० कोटी वर्षांपूर्वीचे. त्यानंतर सुमारे १८० ते ८० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घ काळात मोठे साठे फार थोडे आढळतात.

मँगनीजचा थर नसला तरी त्याच्या खुणा सापडू शकतात. मँगनीज ऑक्साइड मॉलिब्डेनमची हलकी समस्थानिके स्वतःकडे ओढून घेते. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे २९५ कोटी वर्षे जुन्या खडकांत ही खूण आढळल्याचा अभ्यास २०१४ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे हवेत ऑक्सिजन साठण्याच्या ५० कोटी वर्षे आधीच उथळ समुद्रात कुठे कुठे तो तयार होत असावा.

विदर्भातील खडकांची अडचण कोणती?

सौसर गटातील गाळ पुढे जमिनीत खोल गाडला गेला आणि ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला. त्यातून मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झचा खडक बनला. ब्रिटिश भूवैज्ञानिक लुईस फर्मोर यांनी गोंड समाजावरून त्याला ‘गोंडाइट’ नाव दिले. भारतातील मँगनीजवरचा त्यांचा ग्रंथ १९०९ चा आहे. इतक्या उष्णतेत मूळ खुणा पुसल्या जाण्याचा धोका असतो. तरीही या पट्ट्यात ब्राउनाइट, बिक्सबाइट, हॉलंडाइट ही उच्च ऑक्सिडीकृत खनिजे विपुल आहेत. त्यावरून मूळ गाळ मँगनीज ऑक्साइडचाच होता, असे जादवपूर विद्यापीठातील अभ्यासक सुप्रिया रॉय यांनी मांडले.

खरा पेच वयाचा आहे. खडक तापण्याची मोठी घटना साधारण १०० कोटी वर्षांपूर्वीची. पण गाळ साचला कधी, यावर एकमत नाही. एका मताने तो २४० ते २२० कोटी वर्षांपूर्वीचा, तर दुसरे मत त्याला १०० कोटी वर्षांच्या आसपास आणते. पहिले खरे असेल, तर विदर्भातील खडक ऑक्सिजनवाढीच्या काळाचे साक्षीदार ठरतात. दुसरे खरे असेल, तर जगभर मँगनीजचा दुष्काळ असलेल्या काळात या समुद्रात ऑक्सिजन कसा होता, हा आणखी मोठा प्रश्न उभा राहतो.

मँगनीज म्हणजे ऑक्सिजन, हे समीकरण पक्के आहे का?

पूर्णपणे नाही. प्रयोगशाळेत काही सूक्ष्मजीव प्रकाशाच्या मदतीने ऑक्सिजनशिवायही मँगनीजचे ऑक्सिडीकरण घडवतात, असे २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्यामुळे आता एकट्या मँगनीजवर निष्कर्ष काढला जात नाही. सेरियम, मॉलिब्डेनम, कार्बनची समस्थानिके यांची साक्षही जुळावी लागते.

आताच हा विषय महत्त्वाचा का?

‘मॉइल’चे वार्षिक उत्पादन २०२४-२५ मध्ये सुमारे १८ लाख टनांवर गेले. पोलाद उत्पादनक्षमता २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टनांवर नेण्याचे राष्ट्रीय धोरण आहे, म्हणजे मागणी वाढतच जाणार. खाणकाम थांबवा, असे कोणी भूवैज्ञानिक म्हणणार नाही. उलट पृष्ठभागाजवळचा खडक हवा-पाण्याने बदललेला असतो. अभ्यासायोग्य ताजा खडक खोल खाणीतूनच मिळतो. पण भट्टीत गेलेल्या खनिजाची नोंद कायमची जाते. म्हणून साठा शोधताना जमिनीतून काढलेले खडकांचे दंडगोलाकार नमुने खोली आणि ठिकाणाच्या नोंदीसह जपणे व अभ्यासकांना उपलब्ध करून देणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. उत्पादनाच्या तुलनेत याचा खर्च नगण्य आहे. वयाचा वाद सुटेल तो अशाच नमुन्यांतून.