डोडोच्या बेटाकडून भीमाकाठाने काय शिकावे?

कोरेगाव भीमाच्या पुलावर उन्हाळ्याच्या दिवसांत उभे राहून खाली पाहिले, तर पुष्कळदा पाणी दृष्टीस पडत नाही. दिसतो तो जलपर्णीचा हिरवा थर. वरच्या अंगास तुळापूर येथे इंद्रायणी भीमेस मिळते, आणि ती आपल्याबरोबर काय वाहून आणते हे आळंदीच्या घाटावर फेस पाहिलेल्या वारकऱ्यास सांगावयास नको. याविषयी कोणाशी बोलावे तर एकच उद्गार ऐकू येतो : ‘आता यात काही व्हावयाचे नाही.’ हा उद्गार आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी वाचकांस आज आम्ही हिंदी महासागरातील एका चिमुकल्या राष्ट्राकडे नेऊ इच्छितो.

मॉरिशस हे ते राष्ट्र. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या अष्टमांशाइतके. हे बेट आपणांस सर्वस्वी परके नाही. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून जे हिंदी लोक तेथे गेले, त्यांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते. हे लोक गेले ते ऊस लावण्यास आणि तोडण्यास. डच लोकांनी १५९८ मध्ये बेटावर पाय ठेवला. १६६२ नंतर डोडो पक्षी खात्रीने कोणास दिसला नाही. पुढे फ्रेंच आणि इंग्रज अमदानीत उसाच्या मळ्यांसाठी जंगल तुटत गेले. आज तेथील मूळ अरण्यापैकी चांगल्या स्थितीत उरलेला भाग शेकडा दोनहूनही कमी आहे. हे उदाहरण आम्ही घेतो ते तेथे सर्व सुस्थितीत आहे म्हणून नव्हे, तर जवळजवळ सर्व गमावल्यानंतर त्या लोकांनी कामास हात घातला म्हणून.

१९७४ मध्ये मॉरिशसचा केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा मोकळ्या रानात केवळ चार एवढाच ज्ञात होता. गुलाबी पारव्याची संख्या १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उतरली होती, आणि तेथील हिरव्या पोपटाची स्थिती १९८० च्या दशकात याहून फारशी निराळी नव्हती. आज पारवे आणि पोपट दोन्ही शेकड्यांनी मोजावे लागतात. केस्ट्रेलनेही शेकड्यांचा पल्ला गाठला, आणि २०२२ मध्ये त्यास राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला. हे घडले कसे? १९७९ पासून कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांतील पहिली अंडी उचलून यंत्राच्या उबेत उबविली. मादी पुन्हा अंडी घालते, त्यामुळे पिले वाढतात. त्यांनी झाडांवर लाकडी पेट्या टांगल्या, रानात अन्न ठेवले, उंदरांचा व मुंगसांचा बंदोबस्त केला. राउंड आयलंडवरून १९७९ मध्ये शेवटची शेळी आणि १९८६ मध्ये शेवटचा ससा काढला गेला, तेव्हा कोठे तेथील झाडोऱ्याने डोके वर काढले. अवघ्या २६ हेक्टरांच्या इल-ओ-एग्रेत या बेटावर, नामशेष झालेल्या मूळ कासवांच्या जागी अल्दाब्राची मोठी कासवे आणून सोडण्यात आली, कारण आबनुसाचे बी पसरविणारा प्राणीच उरला नव्हता. या कामात चमत्कार कोठेही नाही. आहे ती चाळीस वर्षांहून अधिक काळ नेमाने चाललेली राबणूक.

या कथेची दुसरी बाजूही आम्ही लपवू इच्छीत नाही. केस्ट्रेलची संख्या पुढे पुन्हा घटली, आणि २०१४ मध्ये त्यास अधिक संकटग्रस्त वर्गात घालावे लागले. २०१५ पासून तर सरकारने फळबागाईतदारांच्या तक्रारीवरून तेथील फळखाऊ वटवाघळे हजारोंनी मारविली; २०१८ मध्ये ती जातही संकटग्रस्त ठरली. झाडांवर जाळी घालण्याचा उपाय उपलब्ध होता. पण आंबा आणि लिची हातची गेल्यामुळे संतापलेल्या माणसापर्यंत तो वेळेवर आणि पुरेसा पोहोचला नाही. याउलट २०२० च्या जुलैत वाकाशिओ हे जहाज प्रवाळावर आदळून ऑगस्टमध्ये सुमारे एक हजार टन तेल सागरात सांडले, तेव्हा सामान्य नागरिकांनी उसाचे पाचट कापडात भरून त्याचे बांध पाण्यावर टाकले. जो समाज आपली वस्तू आपली मानतो तो हुकुमाची वाट पाहत नाही, हा त्याचा अर्थ.

आता आपल्याकडे वळू. १९७९ मध्येच आपण याच भीमेच्या खोऱ्यात, सोलापूर व नगर जिल्ह्यांत, माळढोकासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे अभयारण्य घोषित केले. त्यात गावेच्या गावे आली, खातेदारांचे व्यवहार अडले, असंतोष माजला, आणि पुढे ते क्षेत्र मोठ्या प्रमाणावर कमी करावे लागले. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर ती बातमी होते. सव्वीस हेक्टर जपणारे जिंकले आणि साडेआठ हजार चौरस किलोमीटर कागदावर राखणारे हरले, ही गोष्ट आपल्या राज्यकर्त्यांनी विसरू नये.

शिरूर तालुक्यात तर हा प्रश्न जीविताचा झाला आहे. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि त्या उसात बिबट्याने घर केले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत बालकांसह माणसे प्राणास मुकली, आणि लोकांचा क्षोभ रस्त्यावर आला. ज्या मातेचे मूल गेले तिला जैवविविधतेचे महत्त्व समजावण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तिचे दुःख खरे आहे आणि तिचा रोषही न्याय्य आहे. परंतु केवळ गोळी हे उत्तर नव्हे, तसे केवळ ‘वन्यजीवांस जपा’ हा उपदेशही उत्तर नव्हे. रात्री पाणी देण्याची वेळ शेतकऱ्यावर येऊ नये म्हणून दिवसा वीज, उसालगतच्या वस्त्यांस व गोठ्यांस भक्कम कुंपण, विनाविलंब भरपाई आणि वनखात्यास पुरेशी माणसे, या गोष्टी आधी झाल्या पाहिजेत. वटवाघळांच्या बाबतीत मॉरिशसने केलेली चूक आपण बिबट्याच्या बाबतीत करू नये.

कायदा आपणांस हवा तितका आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीस व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तगादा लावल्यावर देशभर त्या घाईने पुऱ्या करण्यात आल्या. त्यांतील किती नोंदवह्या पुन्हा उघडल्या जातात, हा प्रश्न प्रत्येक ग्रामस्थाने आपल्या ग्रामसभेत विचारावा, असे आम्ही सुचवितो. शिरूर-दौंडच्या माळरानास ‘पडीक’ म्हणण्याची सवयही आता सोडली पाहिजे. त्या गवतावर मेंढपाळांची खिल्लारे जगतात आणि चिंकारा, लांडगा, चंडोल हेही जगतात. जमीन पडीक ठरली की ती कशासाठीही देता येते.

आमची मागणी मोठी नाही. भीमेचा एकेक मैल काठ आणि माळाचा एकेक तुकडा एकेका गावाने अंगावर घ्यावा, सरकारने त्यास दरसाल खर्च द्यावा, आणि नदीत मैला सोडणाऱ्या शहरांनी (त्यांत आमचे पुणेही आले) आपले पाणी शुद्ध करूनच खाली सोडावे. वरून घाण येत राहिली तर खालच्या गावाने काढलेली जलपर्णी पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा माजणार. चार पक्ष्यांवरून एका दरिद्री बेटाने आरंभ केला. भीमाकाठी अद्याप पुष्कळ शिल्लक आहे. ते चारावर येईपर्यंत थांबण्याचे आपणांस कारण नाही.