व्हिजिटची मुदत संपली, माणूस घरी आला. पुन्हा जाता येईल का?

रत्नागिरी, रायगडपासून मुंब्रा, भिवंडीपर्यंत आपल्या कितीतरी घरांत हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. मुलगा व्हिजिट व्हिसावर दुबईला गेला, काम शोधता शोधता मुदत संपली, तरी राहिला. किंवा खाला लेकीकडे जेद्दाला गेल्या, तारीख चुकली. किंवा उमऱ्याला गेलेला एखादा भाऊ 'आता हज करूनच येतो' म्हणून थांबला. आज ना उद्या माणूस घरी येतो. मग पुढचा सवाल: पुन्हा जायला मिळेल का?

नातेवाईक म्हणतात, आता कायमचं बंद. एजंट म्हणतो, काही होत नाही, पासपोर्ट बदला. आमच्या मते दोघंही अर्धवट बोलतात. उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: देश कोणता, मुदतीनंतर किती दिवस राहिलात, आणि बाहेर पडलात कसे. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि नेमकी तीच आपल्याकडे कुणी विचारत नाही.

आधी अमिरातीचं बघू. तिथे मुदतीनंतर राहिलेल्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहम दंड आहे. व्हिजिट व्हिसाला पूर्वी १० दिवसांची सवलत असायची, ती २०२३ मध्ये गेली. हिशेब सोपा आहे. सहा महिने म्हणजे १८० दिवस, दंड ९,००० दिरहम. दिरहम २३ रुपयांचा धरला तरी दोन लाखांच्या वर. ज्याला कामच मिळालं नाही तो हे कुठून भरणार? म्हणून तो आणखी लपतो, आणि दंड आणखी चढतो.

तरी जो दंड भरतो, एक्झिट परमिट घेतो आणि आपल्या पायाने विमानात बसतो, तो एक. आणि जो पकडला जातो, कोठडीत जातो आणि डिपोर्ट होतो, तो दुसरा. पहिल्याला पुढे नव्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. मिळेलच अशी खात्री नाही, पण दार उघडं असतं. दुसऱ्याला तिथल्या सरकारची खास परवानगी मिळाल्याशिवाय परत पाय ठेवता येत नाही. एक आणखी भानगड आहे. ज्या ट्रॅव्हल एजन्सीच्या नावावर व्हिसा निघालेला असतो, ती कधी कधी मुदत संपल्यावर 'फरार' म्हणून तक्रार करते. असा शेरा बसला असेल तर नुसता दंड भरून भागत नाही. तिकीट काढण्याआधी आपल्या नावावर काय काय आहे हे तपासून घेणं त्यासाठीच गरजेचं.

मधूनमधून आम माफी येते. २०१८ मध्ये आली होती. २०२४ मध्ये १ सप्टेंबरला सुरू झाली, ३१ ऑक्टोबरला संपणार होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. त्या काळात बाहेर पडणाऱ्यांचा दंड माफ झाला आणि परत येण्यावर बंदीही लागली नाही. ज्यांचे पासपोर्ट हरवले होते त्यांना आपल्या दूतावासाने परतीसाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट दिली. ज्यांनी ही संधी घेतली ते मोकळे झाले. पण यातून एक वाईट सवयही लागली: 'पुढची माफी येईपर्यंत थांबू.' माफी कधी येणार हे कुणाला ठाऊक नसतं. दिवसाचे ५० दिरहम मात्र ठरलेले असतात.

सौदीचा मामला जास्त कडक आहे. तिथे जाऊन आलेल्या लोकांच्या तोंडी 'बस्मा' हा शब्द असतो. बस्मा म्हणजे बोटांचा ठसा. डिपोर्ट होणाऱ्याचा ठसा यंत्रणेत गेला की परतीचा रस्ता अडतो. २०१७ च्या मोहिमेत ठरलेल्या मुदतीत स्वतःहून निघणाऱ्यांना दंड माफ होता, आणि 'डिपोर्ट' म्हणून ठसा नोंदवण्यातूनही सूट होती. ती सूट हीच खरी मोठी गोष्ट होती.

२०२५ च्या हजच्या वेळी उमऱ्याला गेलेल्यांना २९ एप्रिलपर्यंत देश सोडायला सांगितलं होतं. हजचा परवाना नसताना हजचा प्रयत्न केला, किंवा व्हिजिट व्हिसावर त्या काळात मक्केत शिरलं, तर २०,००० रियालपर्यंत दंड. आणि मुदत संपलेला माणूस विनापरवाना हज करताना सापडला तर मायदेशी रवानगी आणि १० वर्षं प्रवेशबंदी. यजमानही सुटत नाही. घरी बोलावलेला पाहुणा मुदतीत परतला नाही आणि ते कळवलं नाही, तर ५०,००० रियालपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि तो परदेशी असेल तर हकालपट्टी. म्हणजे सासू-सासऱ्यांच्या चुकलेल्या तारखेपायी जावयाची नोकरी जाऊ शकते. हे आपल्या घरांत स्पष्ट बोललं पाहिजे.

हजसाठी लपून थांबणाऱ्यांची नियत चांगली असते, हे आम्ही मानतो. पण २०२४ च्या हजमध्ये उष्णतेत १,३०१ जण दगावले, आणि त्यातले ८३ टक्के विनापरवाना होते, असं सौदी सरकारनेच सांगितलं. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, बस नाही, उन्हात मैलोन् मैल पायपीट. ज्या फर्जाला ऐपतीची अट आहे, तो जीव आणि घर पणाला लावून करायचा नसतो.

ज्यांची मुलं अमेरिका-इंग्लंडात आहेत त्यांच्यासाठीही थोडं. अमेरिकेत व्हिसावरची नव्हे, प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख पाहायची असते. ती ओलांडली की तो व्हिसा आपोआप रद्द होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं बंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त, तर १० वर्षं. इंग्लंडमध्ये ३० दिवसांपर्यंत उशीर झाला आणि स्वतःच्या खर्चाने परतलात, तर सक्तीची बंदी लागत नाही. त्याहून जास्त झालं तर किमान एक वर्ष, आणि अर्जात खोटं बोललात तर १० वर्षं.

आता 'पासपोर्ट बदला' या सल्ल्याबद्दल. अमिरातीत वीसेक वर्षांपासून डोळ्यांच्या बाहुल्या तपासून डिपोर्ट झालेले लोक विमानतळावरच ओळखले जातात. सौदीत बोटांचे ठसे घेतात. पासपोर्टचा नंबर बदलतो. डोळा आणि बोट बदलत नाही. नावाचं स्पेलिंग बदलून नवीन पासपोर्ट काढणं हा तर आपल्याच देशात गुन्हा. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो, विमानतळावरून परत पाठवतात ते आपल्या पोराला.

मुळात दुखणं व्हिसाच्या तारखेचं नाही. नोकरीसाठी जाणारा मुलगा व्हिजिटवर का जातो? कारण एम्प्लॉयमेंट व्हिसाला करार लागतो, दहावी न झालेल्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, आणि हे सगळं टाळून 'जा, तिकडे मिळेल काम' असं सांगणारे गल्लोगल्ली आहेत. नोंदणीकृत एजंटला कायद्याने ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं, हे कितीजणांना माहीत आहे? आम्ही शिक्षक लोक शाळेत बघतो: बाप तिकडे लपलेला, पैसे येत नाहीत, फी थकलेली, आणि मूल विचारलं की मान खाली घालतं. दंड दिरहममध्ये लागतो, भरतं मात्र हे मूल.

म्हणून काही साध्या गोष्टी. मुदत संपली असेल तर आजच हिशेब करा, उद्या तो वाढेल. पासपोर्ट, व्हिसाची प्रत, दंडाची पावती, एक्झिट परमिट जन्मभर जपून ठेवा; पुढच्या अर्जात हेच पुरावे कामी येतात. अर्जात 'पूर्वी कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का' असं विचारलं तर खरं लिहा. अडकलेल्या माणसासाठी घरच्यांना सरकारच्या 'मदद' पोर्टलवर इथूनच तक्रार नोंदवता येते, आणि दुबईत भारतीयांसाठी सहाय्यता केंद्रही आहे.

आणि जमातीच्या कमिट्यांना एक विनंती. लग्नाचे वाद मिटवायला आपण बसतो, तसं महिन्यातून एक दिवस परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं बघायला बसूया. आपल्या गावात शिकलेली मुलंमुली आहेत, मोबाइलवर सगळे सरकारी पोर्टल आहेत. पोरगा विमानात बसण्याआधी अर्धा तास कुणी त्याचा व्हिसा वाचून दाखवला, तर परतीचा प्रश्न पुष्कळ घरांत उठणारच नाही.