‘घरात कोणाला सांगू नका’ म्हणणारा फोन

दुपारची वेळ. घरात निवृत्त गृहस्थ एकटेच असतात आणि फोन वाजतो. पलीकडचा माणूस कुरिअर कंपनीचे नाव सांगतो. तुमच्या नावाने परदेशी चाललेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, त्यावर तुमचाच आधार क्रमांक आहे, असे म्हणून तो फोन ‘पोलीस साहेबां’कडे देतो. थोड्याच वेळात व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो. मागे पोलीस ठाण्यासारखी खोली, हातात शिक्का मारलेले वॉरंट. गृहस्थांचा पत्ता, आधार क्रमांक तो बिनचूक सांगतो. ऐकणाऱ्याचे हातपाय गळून जातात.

मग हुकूम सुटतो, “तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेरा बंद करायचा नाही आणि घरात कोणाला सांगायचे नाही.” शेवटी तपासणीसाठी सगळी ठेव ‘सरकारी खात्यात’ भरायला लावतात. निर्दोष ठरलात की पैसे परत, असे आश्वासनही मिळते.

शिकलेली माणसे अशी फसतातच कशी, असे अनेकांना वाटते. पण २०२४ मध्ये लुधियानाचे उद्योगपती, वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांनाही भामट्यांनी व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना फसवले. तक्रार झाल्यावर पोलिसांनी त्यातले सव्वापाच कोटी परत मिळवले. म्हणजे प्रश्न शिक्षणाचा नाही, भीतीचा आहे. आणि भीती एकट्या माणसाला लवकर गाठते. म्हणूनच ‘कोणाला सांगू नका’ ही अट भामट्याला सर्वात महत्त्वाची वाटते.

कायदा नेमका याच्या उलट आहे. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूदच नाही. अटक करायची तर पोलिसाला प्रत्यक्ष समोर यावे लागते. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ प्रमाणे अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. खरा पोलीस घरच्यांना कळवतो, खोटा पोलीस घरच्यांपासून लपवायला सांगतो. एवढी एक खूण लक्षात राहिली तरी पुरे.

मग आधार क्रमांक त्याला कळला कसा? हॉटेल, सिम कार्डाचे दुकान, कर्जाचा अर्ज, अशा कितीतरी ठिकाणी आपण आधारची झेरॉक्स देत असतो. माहिती खरी निघाली म्हणून सांगणारा माणूस खरा ठरत नाही.

असा फोन आल्यास काहीही उत्तर न देता तो बंद करावा आणि लगेच घरातल्या कोणाला तरी सांगावे. घरात कोणी नसेल तर शेजारी आहेतच. शंका वाटली तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारावे.

पैसे गेलेच असतील तर मात्र रडत बसण्यात वेळ घालवू नये. भामटे रक्कम काही मिनिटांत निरनिराळ्या खात्यांत फिरवतात. त्यामुळे ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा, बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात अडकून पडली असेल तर ती तिथेच गोठवता येते. व्यवहाराचा क्रमांक, फोन नंबर, संदेश यांपैकी काहीही पुसून टाकू नये.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हरियाणातल्या अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्यांची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे सोपवला. त्या दोघांनी लाजेखातर गप्प राहायचे ठरवले असते तर हे घडलेच नसते.

पण पुष्कळ घरांत वडीलमाणसे मुलांच्या बोलण्याच्या धाकानेच गप्प बसतात. “बाबा, एवढेही कळले नाही तुम्हाला?” हे वाक्य ऐकावे लागेल, या भीतीने महत्त्वाचे तास हातचे जातात. मुला-सुनांनी आजच जेवायच्या वेळी आईवडिलांना एवढेच सांगून ठेवावे, “असा फोन आला तर आधी आम्हाला सांगा. चूक झाली तरी आम्ही रागावणार नाही.” ज्या घरात असे बोलणे होते, तिथे भामट्याची अट चालत नाही.