मुलाम्याची ठुशी

यंदा वाशीच्या बाजारात चापाच्या नथींची आणि एक ग्रॅमच्या ठुश्यांची नुसती रेलचेल आहे! सोन्यानं २०२५ साली तोळ्यामागे लाखाची वेस ओलांडली. मग पितळेवरच्या मुलाम्याला मान मिळायचाच. फक्त अत्तर आणि घाम यांपासून तो जपायचा.

परवा दुकानात लेक म्हणाली, "आई, मला तुझी खरी ठुशीच दे ना!"

सांगणं भागच पडलं. खरी ठुशी सिडकोच्या घराच्या पहिल्या हप्त्यात गेली. माझ्या गळ्यात दिसते ती मुलाम्याचीच.

लेक क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "ठाऊक होतं गं. मुलामा कधीच उडालाय."

आणि तिनं दोन ठुश्या बांधायला सांगितल्या.