इंजिनाच्या ‘वाढीव ताकदी’चा घाट

मढ (ता. जुन्नर) : माळशेज घाट चढून मढच्या पठारावर आलेले वाहन समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर असते. येथे हवेची घनता किनारपट्टीपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे ‘ताकदही वाढेल आणि मायलेजही’ अशा हमीवर बसविलेल्या चिपची किंवा उपकरणाची परीक्षा घ्यायची तर घाटातच, असा वाहनमालकांचा साहजिक समज होतो. ही परीक्षा मात्र फसवी आहे.

ओतूर, आळेफाटा भागातील भाजीपाला घेऊन कल्याणकडे निघालेली पिकअप घाट उतरते ती भरलेली आणि परत चढते ती बहुधा रिकामी. मुंबईकडे एखादे उपकरण बसवून परतणाऱ्या चालकाला गाडी हलकी भासली, तर त्याचे श्रेय उपकरणाला द्यायचे की रिकाम्या हौद्याला? शिवाय पावसाळ्यातील थंड हवेत इंजिन उन्हाळ्यापेक्षा थोडे जोमाने चालतेच. ‘पेडल बॉक्स’ नावाच्या उपकरणाने तर ताकद मुळीच वाढत नाही. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबताच तो अधिक दाबल्याचा संदेश इंजिनाला मिळतो, इतकेच.

सगळेच दावे खोटे आहेत, असे नाही. टर्बो डिझेल इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून हवेचा दाब आणि इंधनाचे प्रमाण वाढविले, तर ताकद खरोखर वाढते. पण ही ताकद येते कोठून? निकृष्ट इंधन, उन्हाळा, जादा भार आणि प्रदूषणाचे निकष यांचा विचार करून निर्मात्याने जी क्षमता राखून ठेवलेली असते, तीच खर्ची पडते. त्याची किंमत क्लच, टर्बो आणि धुराचा फिल्टर चुकवितात. बिगरटर्बो पेट्रोल मोटारीत अशा बदलाने हाती लागणारी वाढ किरकोळच असते.

मायलेजच्या दाव्यांची गोष्ट याहून वेगळी. इंधननळीवर चुंबक लावल्याने ‘संपूर्ण ज्वलन’ होते, असे सांगितले जाते. वास्तविक, सुस्थितीतील आधुनिक इंजिनात जवळजवळ सर्वच इंधन जळते. ऊर्जेचा मोठा वाटा वाया जातो तो उष्णतेच्या रूपाने, रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे. तेथे चुंबकाची मात्रा चालत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून अधिक इंधनबचत उपकरणे तपासली, त्यांपैकी एकानेही मायलेजमध्ये लक्षणीय वाढ दाखविली नाही.

तरीही समाधानी ग्राहक भेटतात, कारण मोजणी ढोबळ असते. टाकी ‘फुल’ करताना पंप कधी लवकर बंद होतो, कधी उशिरा. ४० लिटरमागे एक लिटरची चूक म्हणजे अडीच टक्के. त्यात पैसे मोजलेला मालक सुरुवातीचे काही आठवडे गाडी जपून चालवितो. पुराव्याच्या डायनो आलेखातही बदलापूर्वीचा आकडा चाकांवर आणि नंतरचा इंजिनावर मोजलेला नाही ना, हे पाहिलेच पाहिजे.

कायदा याबाबत मोघम नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. सीएनजी किट बसवायचे, तर ते पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या अधिकृत चाचणी संस्थेने मान्य केलेले असावे लागते. चिप विकणाऱ्याकडे असे प्रमाणपत्र क्वचितच कोणी मागतो.

शहरातील हौशी मोटारमालकाचे यात फार तर काही हजार रुपये जातात. कर्जावर घेतलेल्या पिकअपचा टर्बो घाटात निकामी झाला आणि फेरफाराचे कारण देऊन वॉरंटी नाकारली गेली, तर दुरुस्तीचा खर्च, बुडालेल्या फेऱ्या आणि बँकेचा हप्ता हे सारे मालकाच्याच डोक्यावर येते. भरलेला टोमॅटो बाजाराची वेळ चुकवतो, तो वेगळाच.